कोणी बांधली? कोणी बांधविली?

इसवी सन १८६७ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नीलकंठ जनार्दन कीर्तने नावाचा तेविशी-चोविशीतला एक विद्यार्थी होता. त्या काळी मराठी मुलांना आपल्या पूर्वजांचा इतिहास शिकावयाचा तो बहुधा एकाच पुस्तकातून, आणि ते पुस्तक साहेबाचे. पेशवाई बुडाल्यावर जेम्स ग्रँट डफ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी येऊन राहिला. १८२२ पर्यंत तो तेथे होता. तेवढ्या काळात त्याने दप्तरे धुंडाळली, बखरी मिळविल्या, कागदांच्या नकला करविल्या, आणि मायदेशी परतल्यावर १८२६ साली तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला. पुढे कॅप्टन केपन याने त्याचे मराठी करविले. ही 'मराठ्यांची बखर' मग शाळाशाळांतून चालू लागली. साहेबाने लिहिले, सरकारने छापले, मास्तरांनी शिकविले. मुलांनी पाठ करावे, एवढेच काय ते बाकी होते.

कीर्तन्यांनी ते पाठ केले नाही. पुण्यातल्या तरुण मंडळींच्या एका सभेपुढे त्यांनी त्या ग्रंथावर निबंध वाचला, आणि तो लवकरच छापूनही निघाला. आज त्यातले एकेक आक्षेप तपासू लागले तर काही टिकतील, काही टिकणार नाहीत. पण त्या निबंधामागे जो प्रश्न होता तो मात्र मला फार मोलाचा वाटतो. हे तुम्ही कशावरून म्हणता? ज्या कागदावरून म्हणता तो कोणी लिहिला, आणि आज तो आहे कोठे?

आपण पाहिलेल्या पुष्कळशा कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेविल्या आहेत, असे खुद्द डफनेच नमूद करून ठेविले होते. लोक त्या शोधू लागले, आणि त्या काही सापडेनात. मग डफने काम झाल्यावर कागद जाळून टाकले, अशी एक आवई उठली. आपल्याकडे आवया फार लवकर उठतात आणि फार उशिरा बसतात. परंतु डफ चांगला की वाईट, या वादात जी मंडळी अडकली त्यांच्या हाती काही लागले नाही. 'कागद कोठे आहे?' असे विचारीत जी निघाली ती वाड्यावाड्यांच्या माळ्यांवर चढली. १८७८ साली साने, मोडक व शाळिग्राम यांनी 'काव्येतिहाससंग्रह' काढून जुन्या बखरी व पत्रे छापावयास प्रारंभ केला. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. असे बावीस खंड पुढे निघाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. हे सारे श्रेय एकट्या कीर्तन्यांच्या पदरात टाकू नये. पण पुस्तकाला प्रश्न विचारता येतो, हे एका विद्यार्थ्याने दाखविले, ही गोष्ट मी माझ्या वर्गात दरवर्षी सांगतो.

मी शाळामास्तर. कादंबऱ्याही लिहितो, परंतु त्यावर चूल पेटत नाही, म्हणून शाळा. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. तेव्हा संशोधन हा शब्द मी जपूनच उच्चारतो. मात्र इतकी वर्षे मुलांपुढे उभे राहून एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. बाजारात ज्याला भाव ठाऊक नसतो तो भाव विचारतो. रस्त्यावर ज्याला वाट ठाऊक नसते तो वाट विचारतो. शाळेत मात्र ज्याला उत्तर ठाऊक असते तोच प्रश्न विचारतो, आणि ज्याला ठाऊक नसते त्याचे मार्क कापतो! दहा वर्षे असे काढल्यावर मुलाच्या मनात प्रश्न म्हणजे काहीतरी अंगावर येणारी वस्तू, असे होऊन बसते. ती आपण दुसऱ्याकडे, निदान एखाद्या जुन्या दगडाकडे, रोखू शकतो हे त्याला सुचतच नाही.

म्हणून नववीच्या वर्गात आठवड्यातून एक तास मी उलटा घेतो. प्रश्न मुलांनी विचारावयाचे, आणि उत्तर कोणीही द्यावयाचे नाही, मीसुद्धा. पहिल्या तासाला वर्ग गप्प असतो. दुसऱ्या तासाला हसतो. तिसऱ्या तासापासून प्रश्न येऊ लागतात, आणि ते कसे येतात हे पाहण्यात मोठी मौज असते.

आधी येतात ते कुस्तीचे प्रश्न. थोरला बाजीराव मोठा की महादजी शिंदे मोठा? यात दोन तट पडतात, बाके वाजतात, आणि तास संपतो तेव्हा सगळे होते तेथेच असतात. मग येतात जर-तरचे. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? या प्रश्नाला मी नावे ठेवीत नाही, कारण तो माझ्या दुसऱ्या धंद्याचा आहे. कादंबरीकाराला तो लाख रुपयांचा. पण कोणत्याही दप्तरात त्याचा जबाब मिळावयाचा नाही. आणि मग येतो तो अवाढव्य 'का'. मराठे पानिपतावर का हरले? यावर मुलांच्या मार्गदर्शक पुस्तकांत पाच कारणे दिलेली असतात. एकदा मी म्हटले, "ती पाच कारणे क्षणभर मिटून ठेवा. या प्रश्नाचा आपल्याला उचलता येईल एवढाच एक तुकडा काढा."

बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, लढाई जानेवारीत झाली ना? मग त्यांच्या अंगावर काय होतं?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. पानिपतची लढाई झाली ती पौष शुद्ध अष्टमीस, १४ जानेवारी १७६१ रोजी. सदाशिवरावभाऊ परतूडहून उत्तरेकडे निघाले ते १७६० च्या मार्चमध्ये, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर. दख्खनच्या उन्हाळ्यात घर सोडलेली माणसे दहा महिन्यांनी हरियाणाच्या ऐन थंडीत, उघड्या माळावर रणात उभी होती. मधल्या काळात त्यांच्यासाठी कांबळी, रजया, रुईचे डगले घेतले होते काय? घेतले असतील तर कोठून, आणि पैसा कोणाचा?

पाहा, एवढ्याशा प्रश्नाने किती दारे उघडली! फळ्यावर मी नकाशा काढला. १७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला. धान्य, पैसा हाती आला. त्यानंतर आठवडाभरातच अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. म्हणजे दक्षिणेचा रस्ता बंद. रसद पोहोचविण्याची भिस्त होती गोविंदपंत बुंदेल्यांवर. ते डिसेंबरात मारले गेले. आता त्या मुलीचा प्रश्न नुसता कपड्यांचा राहिला नाही. बंद रस्त्याने किती दिवस काढले, छावणीत काय शिल्लक होते, बाजारबुणगे आणि यात्रेकरू धरून किती तोंडे होती, असा तो उलगडत गेला. आणि आता तो विचारावयास माणसेही आहेत. राजवाड्यांच्या पहिल्याच खंडात त्या धामधुमीची पत्रे आहेत. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने फारसीत लिहिलेली हकीकत आहे. मात्र ती लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिलेली आहे, तेव्हा म्हाताऱ्याच्या आठवणीला जेवढा मान द्यावयाचा तेवढाच द्यावा. नाना फडणीस त्या वेळी एकोणीस वर्षांचेही नव्हते; ते जीव वाचवून परत आले आणि पुढे स्वतःची कहाणी लिहून गेले. बरोबर नेलेली त्यांची आई त्या धावपळीत कायमची हरवली. पत्नी मात्र परत मिळाली.

हे ऐकल्यावर तीच मुलगी पुन्हा उठली. "मग बायका किती होत्या, सर? मोजल्या होत्या का कोणी?"

पाच कारणांच्या त्या यादीत बायका कोठेच नव्हत्या. मी तिचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि तारीख घातली. तो पुसू नये म्हणून शिपायाला बजावून ठेविले.

कोणी म्हणेल, आता मुलांच्या हाती मोबाइल आहे, त्यात विचारले की क्षणात उत्तर येते, मग हा खटाटोप कशाला? तर त्याचीही एक हकीकत सांगतो. साताऱ्याजवळ लिंब येथे बारा मोटांची विहीर आहे. विहीर कसली, जमिनीत उतरत गेलेला वाडाच तो! वर अष्टकोनी तोंड, आत रुंद पायऱ्या, मध्ये महालासारखे बांधकाम. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय, म्हणून हे नाव. शाहू महाराजांच्या परिवारातल्या वीरूबाई भोसले यांच्या नावावर ती सांगितली जाते. आम्ही तेथे सहल नेली होती. एका मुलाने ऐटीत मोबाइलवर वाचून दाखविले की विहीर इसवी सन १६४१ ते १६४६ या काळात झाली. सगळ्यांनी वह्यांत टिपून घेतले. तेवढ्यात एकजण पुटपुटला, "सर, शाहू महाराज जन्मले कधी?"

१६८२ साली. म्हणजे महाराजांच्या जन्माआधी एक्केचाळीस वर्षे त्यांच्या घरच्या बाईंनी विहिरीला हात घातला! मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग मी विचारले, "१६४१ हा आकडा खोटा म्हणून टाकून द्यायचा की तो कुणाचा आहे हे विचारायचे?" थोडी कुजबुज झाली, आणि एकाचे डोळे चमकले. आकडा शकाचा होता. शके १६४१ मध्ये अठ्ठ्याहत्तर मिळविले की १७१९ येतात. शके १६४६ चे १७२४. शाहू महाराज साताऱ्याच्या गादीवर बसले १७०८ साली. आता सगळे जागच्या जागी बसले. कोणीतरी कधीतरी शक लिहिताना इसवी सन लिहून गेला, आणि तो आकडा एकाकडून दुसऱ्याकडे तसाच चालत राहिला. छापलेले असो की मोबाइलवरचे, उत्तराला सुद्धा 'तू कोणाचा?' म्हणून विचारावे लागते.

सनावळीची थट्टा करणे ही आजकाल रीतच झाली आहे. पण सनावळी म्हणजे भिंतीची ओळंबी आहे. शिवछत्रपतींच्या जन्माची १६२७ ही जुनी समजूत बाजूस पडून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आली, ती काही कोणाच्या लहरीने नव्हे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली छापली गेली. पुढे महाराजांच्याच पदरच्या परमानंद कवीचे 'शिवभारत' उजेडात आले आणि त्यातली तिथीही तीच निघाली. एकमेकांना न विचारता दोघांनी एकच साक्ष दिली. तरी सरकारी मोहर उमटावयास २००१ साल उजाडले! तसेच आपल्या खेड्यापाड्यांतल्या देवळांचे. काळ्या दगडाचे, चुन्यावाचून रचलेले देऊळ दिसले की ते हेमाडपंती, आणि म्हातारीला विचारले तर पांडवांनी एका रात्रीत बांधलेले. पांडवांचे राहू द्या. हेमाद्रीपंडित देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख आहे शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. आपल्या जन्माआधी दोनशे वर्षे हेमाडपंतांनी देऊळ कसे बांधविले, एवढे एका चौदा वर्षांच्या पोराने विचारले की 'हेमाडपंती' हे त्या घडणीला पुढे पडलेले नाव आहे, बांधणाऱ्याची सही नव्हे, हे आपोआप उलगडते.

असो. मला सांगावयाचे आहे ते निराळेच. लिंबच्या विहिरीवरून निघताना मुले पायऱ्या चढत होती. आमच्या वर्गात वडार वस्तीतला एक मुलगा आहे. अबोल, उलट्या तासाला त्याने तोवर तोंड उघडले नव्हते. तो खालच्या पायरीवर बसून दगडावरून हात फिरवीत होता. मी हाक मारली तसा उठला आणि म्हणाला, "सर, वीरूबाईंनी विहीर बांधली म्हणता. मग दगड कुणी फोडले?"

पोरे फिदीफिदी हसली. एकजण म्हणाला, "तुझ्या आज्ज्यानं!"

त्याचा आजा खरोखरच उभा जन्म खाणीवर होता. बाप आता खडीच्या क्रशरवर जातो.

मराठी भाषेने येथे एक सोय करून ठेविली आहे, ती आपण वापरीत नाही. बांधणे आणि बांधविणे, खोदणे आणि खोदविणे. आपली जुनी माणसे 'अमक्याने घाट बांधविला' असे नेमके बोलत. हळूहळू तो मधला 'वि' गळाला, आणि त्याबरोबर पाथरवट, गवंडी, बेलदार, चुना मळणाऱ्या बाया असे सगळे त्या एका अक्षरातून खाली सांडले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी एवढेच लिहिले: 'कोणी बांधली? कोणी बांधविली?' आणि त्या मुलाला म्हटले, "हा प्रश्न चांगला आहे. पण कोणाला विचारणार?"

तो दोन दिवस विचार करून आला आणि म्हणाला, "आज्याला."

आमच्या गावाच्या वेशीबाहेर एक जुनी विहीर आहे. तिच्या कोनाड्यावर देणगीदाराचे नाव कोरलेले आहे, खाली एक सुबक कमळ आहे. म्हाताऱ्याला घेऊन आम्ही तेथे गेलो. काठी टेकीत तो चार पायऱ्या उतरला. नाव कोरलेल्या दगडाकडे त्याने पाहिलेही नाही. बाजूच्या थराला हात लावला, डोळे मिटले, आणि बोटे आंधळ्याने चाचपावे तशी फिरवली.

"गुरुजी, ह्ये टाकीचं काम हाय. पन एका गड्याचं न्हाई. ह्यो बगा, ह्याचा घाव उजवीकडनं उतारतो. आनी ह्यो दुसरा डावखुरा हुता."

मुले पुढे सरकली. खरेच, एका दगडावरच्या टाकीच्या रेघा एका अंगाला कललेल्या, शेजारच्यावरच्या दुसऱ्या. इतकी वर्षे तेथे पाणी भरले, पोहलो, पण कोणाच्या नजरेस ते आले नव्हते. म्हातारा सांगत गेला. कडेला ओळीने भोके दिसतात ती पाचरीची. पाचर बसवून दगड कसा उकलावा, त्याचा जीव कोणत्या अंगाला आहे हे घणाच्या आवाजावरून कसे ओळखावे, पाण्याखालच्या थराला कोणता दगड चालत नाही. पाऊण तास तो बोलत होता. मघाशी हसलेला तो पोरगा सर्वांत पुढे उभा राहून वहीत उतरून घेत होता.

आता, एका म्हाताऱ्याने सांगितले म्हणून विहिरीवर डावखुरा पाथरवट होता हे सिद्ध झाले काय? नाही झाले. तो दगड उलटा धरूनही घडवला असेल. घडवून मग बसविताना फिरवला असेल. हे मीच मुलांपुढे मांडले, तेव्हा म्हाताऱ्याचा नातू जरा हिरमुसला. पण पुढच्या रविवारी तो एकटाच विहिरीवर जाऊन बसला आणि प्रत्येक दगडाचे चित्र काढून त्यावर रेघांची दिशा दाखवू लागला. डाव्या हाताचे दगड एकाच बाजूला एकत्र आले तर एक अर्थ, सगळीकडे विखुरले तर दुसरा. हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

सहामाही परीक्षेत प्रश्न आला: 'लिंब येथील बारा मोटांची विहीर कोणी बांधली?' एक मार्क. त्याने लिहिले, 'पाथरवटांनी. वीरूबाई भोसले यांनी बांधविली.' तपासणारे शिक्षक दुसरे होते. त्यांनी मार्क दिला नाही. त्यांनाही मी दोष देत नाही, त्यांच्यापुढच्या उत्तरपत्रिकेत एकच नाव होते. पण त्या एका मार्कासाठी मुलाचा बाप शाळेत आला. अंगावर दगडाची भुकटी तशीच होती. पाळीवरून थेट आला असावा.

"सर, आमच्या घरातलं नववीला आलेलं हे पहिलंच पोर. दगडाचा नाद सुटावा म्हणून शाळेत घातलं. तुम्ही त्याला परत दगडाकडंच लावताय व्हय? रात्रीचं आज्याला धरून बसतंय. माझ्या बापाला कधी कुणी काय विचारलं न्हवतं, आता म्हातारा झोपत न्हाई."

त्याच्या बोलण्यात राग होता, आणि राग नव्हे असेही काही होते. मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. मी म्हटले, "परीक्षेत विचारतील तेवढे लिहिण्याची जबाबदारी माझी. तो मार्क पुढच्या वेळी जाणार नाही. पण आजोबांना विचारणे थांबवू नका." तो काही बोलला नाही. पायात चपला सरकवून निघून गेला. परवानगी मिळाली असे मी धरून चाललो.

नंतर एकदा शनिवारवाड्याचा धडा चालू होता. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली वाड्याचे काम सुरू केले, १७३२ साली वास्तुशांत झाली, आणि खर्च आला सोळा हजार एकशे दहा रुपये. हा आकडा मुलांना नेहमी पाठ असतो. आजच्या मानाने तो ऐकून त्यांना हसू येते. तो मुलगा मात्र हसला नाही. हात वर करून म्हणाला, "त्यातले पाथरवटाला किती, सर?"

कीर्तन्यांच्या प्रश्नाचा हा नातू माझ्यासमोर खाकी चड्डीत उभा होता. कारण हा प्रश्न हवेतला नाही. एकशे दहापर्यंत आकडा शिल्लक आहे, त्या अर्थी कोणीतरी दिवसचे दिवस बसून हिशेब लिहिला होता. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. पुष्कळ वर्षे ते अभ्यासकांना मोकळेपणाने पाहताच येत नव्हते. गोविंद सखाराम सरदेसायांनी, जे स्वतः बडोद्यास राजपुत्रांचे शिक्षक होते, त्यातून निवडून १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत पंचेचाळीस भाग छापविले. पण निवडणाऱ्याने त्या वेळी निवडले ते साहजिकच मोहिमा, तह आणि राजकारण. मजुरीच्या याद्यांना तेव्हा कोण विचारतो? त्या विचारणारा यावयाचा होता.

अडचण एकच. ते कागद मोडीत आहेत, आणि मोडी शाळेतून जाऊन कित्येक वर्षे लोटली. मोडी सफाईने वाचणारी माणसे आता हुडकावी लागतात. आमच्या तालुक्याला एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांना येते. दर रविवारी सकाळी विहिरीवर जाणारा हा मुलगा आता दुपारी त्यांच्याकडे जातो. पहिले दोन महिने नुसती बाराखडी. लेखणी न उचलता ओढलेल्या त्या अक्षरांच्या साखळीत शब्द कोठे संपतो हेच त्याला कळेना. रडकुंडीला आला, पण गेला.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तो माझ्याकडे आला. सरावासाठी तलाठीबुवांनी त्याला कोठल्याशा जुन्या बांधकामाच्या हिशेबाची एक छायाप्रत दिली होती. ती माझ्या टेबलावर पसरून तो बोट ठेवून लावू लागला. चुना, विटा, सागाची लाकडे, बैलभाडे. मग बोट थांबले. ओठ हलले. "पा... थ... र... वट. पाथरवट, सर! पाथरवट असामी..." पुढे आकडा होता, आणि त्यापुढे रोजमुरा.

"असामी म्हणजे?"

"माणसे."

त्याने ओळ पुन्हा वाचली. मग वरची, मग खालची.

"सर, माणसं मोजलीत. नावं कुठं आहेत?"

आणि उत्तराची वाट न पाहता त्याने कागद उलटा करून पाठची बाजू पाहावयास सुरुवात केली.